‘ॲज सून ॲज पॉसिबल’ऐवजी काय लिहायचं?

हिंजवडीच्या आयटी कंपनीत, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये, कोथरूडच्या सोसायटीच्या लेटरहेडवर, पुण्यात रोज जे इंग्रजी लिहिलं जातं त्यात ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ हमखास असतं. त्यात चूक काहीच नाही. व्याकरण शुद्ध आहे आणि घाई असेल तर ‘एएसएपी’ या चार अक्षरांत भागतं. अडचण एवढीच की वाचणाऱ्याला त्यातून कामाचं काही कळत नाही. कधीपर्यंत हवंय? उशीर झाला तर काय अडतं? आणि वेळ कोणी ठरवायची, मागणाऱ्याने की देणाऱ्याने?

मग कुणीतरी सांगतं, तेच तेच लिहू नकोस, दुसरा शब्द वापर. इंटरनेटवर शोधलं की वीस-पंचवीस समानार्थी शब्दांची यादी मिळते: ‘इमिजिएटली’, ‘प्रॉम्प्टली’, ‘फोर्थविथ’, ‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स’. यादीत सगळे एकाखाली एक असतात, म्हणून एकाच वजनाचे वाटतात. पण त्यातला एक हुकूम आहे, एक वकिली आहे आणि एकात तर घाईच नाही. या यादीतून डोळे मिटून उचललेला शब्द मूळ शब्दापेक्षा जास्त नुकसान करू शकतो.

आधी मराठीत ठरवा

फोन उचलून त्याच माणसाला मराठीत सांगायचं असतं तर तुम्ही काय म्हटलं असतं? ‘ताबडतोब पाठवा.’ ‘आज दिवसभरात कधीही पाठवा.’ ‘शुक्रवारच्या आत पाठवा.’ ‘तुमच्या सवडीने पाठवा.’ ‘हातात आलं की कळवा.’ हे पाच वेगळे निरोप आहेत, आणि मराठीत बोलताना आपण त्यांची गल्लत करत नाही. गल्लत इंग्रजी लिहिताना होते, कारण पाचही निरोप आपण एकाच साच्यात ओततो. तेव्हा आधी हा मराठी निरोप ठरवायचा, इंग्रजी शब्द नंतर.

यात मराठीच एक खोडा घालते. आपलं ‘लवकर’ तीन कामं करतं. ‘लवकर उठ’ म्हणजे नेहमीच्या वेळेआधी, ‘लवकर आटप’ म्हणजे भराभर, आणि ‘लवकर कळव’ म्हणजे फार वेळ जाऊ न देता. इंग्रजीत या तिघांना तीन शब्द आहेत: ‘अर्ली’, ‘क्विकली’ आणि ‘सून’. म्हणून ‘ॲज अर्ली ॲज पॉसिबल’, ‘ॲज क्विकली ॲज पॉसिबल’ आणि ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ ही एकमेकांची सख्खी भावंडं दिसली तरी त्यांची कामं वेगळी आहेत.

सर्व्हर बंद ठेवून डेटा हलवायचा आहे आणि तो बंद असण्याचा काळ कमी हवा, तर मुद्दा वेगाचा आहे, तिथे ‘क्विकली’. सोमवारची अपॉइंटमेंट सकाळच्या पहिल्या तासात हवी, तर मुद्दा वेळापत्रकातल्या जागेचा आहे, तिथे ‘अर्ली’. कोटेशन आजपासून मोजता कमीत कमी दिवसांत हवं, तर ‘सून’. उत्तर मागताना ‘ॲज अर्ली ॲज पॉसिबल’ लिहिलं तर अर्थ पोचतो, पण पर्याय म्हणून त्यातून हाती काही लागत नाही.

दुसरा खोडा भविष्यकाळाचा. ‘फाइल मिळेल तशी पाठवतो’ हे डोक्यात असतं, म्हणून हात लिहितो, ‘ॲज सून ॲज आय विल गेट द फाइल, देन आय विल सेंड इट.’ इथे दोन चुका आहेत. ‘ॲज सून ॲज’च्या पोटवाक्यात भविष्यातल्या गोष्टीसाठीही साधा वर्तमानकाळ येतो, ‘विल’ येत नाही. आणि ‘मिळाली की मग’ मधल्या ‘मग’साठी ‘देन’ लागत नाही. बरोबर वाक्य: ‘आय विल सेंड इट ॲज सून ॲज आय गेट द फाइल.’ याच जागी ‘वन्स आय गेट द फाइल’ लिहिता येतं, पण ‘वन्स’ थोडं सैल आहे. फाइल आल्यानंतर कधीतरी, एवढंच त्यातून कळतं. ‘द मोमेंट आय गेट द फाइल’ हे त्याच क्षणाचं वचन आहे. मध्ये तुमची जेवणाची सुट्टी येणार असेल तर देऊ नका.

सर्वांत चांगला पर्याय कोशात नसतो

दहापैकी सात-आठ मेलमध्ये ‘ॲज सून ॲज पॉसिबल’च्या जागी शब्द नकोच असतो, तारीख आणि वेळ हवी असते. पुणेरी पाटीची कितीही थट्टा करा, पण ‘दुपारी १ ते ४ बंद’ लिहिणारा दुकानदार ‘काही काळ बंद’ लिहिणाऱ्यापेक्षा गिऱ्हाइकाचा वेळ जास्त वाचवतो.

तारीख लिहिताना मात्र पुढच्या जागी पाय घसरतो.

पहिली जागा ‘पर्यंत’. ‘शुक्रवारपर्यंत रिपोर्ट पाठवा’ आणि ‘शुक्रवारपर्यंत ऑफिस बंद आहे’, दोन्हीकडे आपलं ‘पर्यंत’ चालतं. इंग्रजीत पहिल्या वाक्याला ‘बाय’ लागतं आणि दुसऱ्याला ‘टिल’ किंवा ‘अन्टिल’. पहिल्यात काम एकदाच होऊन संपतं, दुसऱ्यात स्थिती तोवर चालू राहते. ‘प्लीज सेंड द रिपोर्ट टिल फ्रायडे’ याचा शब्दशः अर्थ होतो शुक्रवार उजाडेपर्यंत पाठवत राहा. मराठी माणसाच्या इंग्रजी मेलमधली ही सर्वांत टिकाऊ चूक आहे, आणि दुरुस्त करायला एकच शब्द बदलावा लागतो.

‘बाय फ्रायडे’ यातही शुक्रवार धरायचा की गुरुवारी रात्रीच मुदत संपली, असा वाद निघू शकतो. रूढ अर्थाने शुक्रवार धरतात. पण पैशांचं किंवा टेंडरचं काम असेल तर ‘बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे’ असं पूर्ण लिहावं. ‘बिफोर फ्रायडे’ लिहिलं तर शुक्रवार नक्की बाहेर राहतो. ‘मिडनाइट ऑन फ्रायडे’ टाळाच. शुक्रवार सुरू होतानाची मध्यरात्र की संपतानाची, हे त्यातून ठरत नाही. ११:५९ लिहिलं की प्रश्न उरत नाही.

‘इन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांनी, ‘विदिन टू डेज’ म्हणजे दोन दिवसांच्या आत. मुदत सांगताना ‘विदिन’ हवं. आणि दिवस कामाचे की कॅलेंडरचे तेही सांगा. पिंपरी-चिंचवड, भोसरी भागातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर हिंजवडी-खराडीतल्या बहुतेक ऑफिसांना शनिवार-रविवार. बुधवारी दुपारी ‘विदिन टू वर्किंग डेज’ लिहिलं तर एकाच शहरातले दोघेजण दोन वेगळ्या दिवशी पोचतात. अशा वेळी दिवस मोजायला न लावता तारीख द्यावी.

‘नेक्स्ट फ्रायडे’ याचा अर्थ काहींना येता शुक्रवार वाटतो, काहींना त्याच्या पुढचा. खुद्द इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांतही यावर एकमत नाही. ०५/०६ हे आपल्याकडे ५ जून असतं आणि अमेरिकेत ६ मे. महिन्याचं नाव अक्षरांत लिहिलं की दोन्ही भानगडी मिटतात.

परदेशी क्लायंट असेल तर ‘ईओडी’ आणि ‘सीओबी’, म्हणजे ‘एंड ऑफ डे’ आणि ‘क्लोज ऑफ बिझनेस’, हे पर्याय तारखेसारखे दिसतात पण पुरते ठरत नाहीत. दिवस कुणाचा? न्यूयॉर्कचे संध्याकाळचे ५ म्हणजे पुण्यात दुसऱ्या दिवशी पहाटेचे ३:३०, आणि तिकडे उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात ती) चालू असेल तेव्हा २:३०. लंडनचे ५ म्हणजे आपले रात्रीचे १०:३०, उन्हाळी वेळेत ९:३०. उलट बाजूने पाहा. पुण्यातून सकाळी ‘बाय ईओडी टुडे’ लिहिलं आणि मनात संध्याकाळचे ६ असले, तर पुण्यात ६ वाजतात तेव्हा न्यूयॉर्कला हिवाळ्यात सकाळचे ७:३० वाजलेले असतात. समोरच्याने अजून लॅपटॉपही उघडलेला नसतो. तो स्वतःच्या संध्याकाळपर्यंत पाठवतो, तुम्ही रात्रभर वाट पाहता, आणि दोघांनीही दिलेलं वचन पाळलेलं असतं.

अमेरिकेत उन्हाळी वेळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी संपते. ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत. म्हणजे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि ऑक्टोबरच्या अखेरीला एक आठवडा न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या फरकाचं नेहमीचं गणित चुकतं. वाक्यात दोन्ही वेळा लिहिणं हा उपाय: ‘बाय सिक्स पीएम इंडिया टाइम, विच इज सेव्हन थर्टी एएम इन न्यूयॉर्क.’ लांब वाटतं, पण फोन वाचतो. ‘आयएसटी’ लिहिण्यापेक्षा ‘इंडिया टाइम’ बरं, कारण तीच अक्षरं आयर्लंड आणि इस्राएलही आपापल्या वेळेसाठी वापरतात.

तारखेसोबत एक कारण जोडलं की ‘अर्जंट’ लिहायची गरजच पडत नाही. ‘वुई नीड द ड्रॉइंग्ज बाय नून ऑन ट्यूजडे, सो दॅट कटिंग कॅन स्टार्ट इन द सेकंड शिफ्ट.’ यात घाईचा एकही शब्द नाही, तरी ड्रॉइंग पाठवणाऱ्याला कळतं की दुपारी ४ वाजता पाठवून उपयोग नाही. आणि खरंच जमणार नसेल तर तो आधी फोन करतो.

‘ॲट द अर्लिएस्ट’ आणि ‘अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स’

तारीख देता येत नाही असे प्रसंग असतातच. वरिष्ठांना मुदत घालणं बरं दिसत नाही, सरकारी कार्यालयाला आपण तारीख ठरवून देऊ शकत नाही, किंवा काम किती वेळाचं आहे हेच आपल्याला ठाऊक नसतं. तिथे शब्दच निवडावा लागतो. आपल्याकडे अशा वेळी पहिला हात जातो तो ‘ॲट द अर्लिएस्ट’कडे.

भारतात हे चालतं. पुण्यातून नागपूरला लिहिलेल्या पत्रात ‘काइंडली रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट’ वाचून कुणी अडखळणार नाही. पण भारताबाहेरच्या इंग्रजीत ‘ॲट द अर्लिएस्ट’चा नेहमीचा अर्थ ‘त्याआधी नाही’ असा आहे. ‘ट्यूजडे ॲट द अर्लिएस्ट’ म्हणजे मंगळवारच्या आधी शक्य नाही. त्यामुळे ‘प्लीज सेंड इट बाय ट्यूजडे ॲट द अर्लिएस्ट’ असं लिहिलं, तर लंडनचा वाचणारा मंगळवार उजाडण्याची वाट पाहत बसू शकतो. तुम्हाला हवं असतं ‘ॲट द लेटेस्ट’. ‘बाय ट्यूजडे ॲट द लेटेस्ट’ म्हणजे फार तर मंगळवार, आधी दिलंत तर उत्तम. हे छोटं जोडपद आपल्या मेलमध्ये फारसं दिसत नाही, ते वापरात यायला हवं.

‘ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हिनियन्स’ ऐकायला भारदस्त आहे, म्हणून वसुलीच्या पत्रांतही दिसतं. पण त्यात वेळ ठरवण्याचा हक्क पूर्णपणे वाचणाऱ्याच्या हाती आहे. मराठीत ते ‘आपल्या सवडीने, पण फार लांबवू नका’ इतपत. थकलेल्या बिलासाठी हे लिहिलं तर देणेकऱ्याला सवड मिळतच नाही! हे शोभतं कुठे? प्राध्यापकांकडे शिफारसपत्र मागताना, ज्येष्ठ डॉक्टरांना लेख तपासायला देताना, ज्याच्यावर आपला हक्क नाही अशा कुणाचंही सहकार्य मागताना. त्यातही ‘अर्लिएस्ट’ थोडं टोचतंच, म्हणून खूप मोठ्या माणसाला नुसतं ‘व्हेनेव्हर इट इज कन्व्हिनियंट फॉर यू’ जास्त बरं.

सहकाऱ्यांमध्ये याचंच हलकं रूप म्हणजे ‘व्हेन यू गेट अ चान्स’ किंवा ‘व्हेन यू हॅव अ मोमेंट’. यातही घाई नाही. वरिष्ठाने कनिष्ठाला लिहिलं तर मात्र गोंधळ होतो, कारण कनिष्ठ माणूस ते हुकूम समजून हातातलं काम टाकतो, किंवा अक्षरशः घेऊन आठवडा लावतो. वरिष्ठाने सरळ ‘नो रश, एनी टाइम धिस वीक इज फाइन’ लिहावं.

‘ऑन प्रायॉरिटी’ आणि ‘ऑन टॉप प्रायॉरिटी’ हेही खास आपल्याकडचं इंग्रजी. बाहेर ‘ॲज अ प्रायॉरिटी’ किंवा ‘ॲज अ मॅटर ऑफ प्रायॉरिटी’ म्हणतात. ‘ऑन अ वॉर फूटिंग’ आपल्या ‘युद्धपातळीवर’ची सावली घेऊन येतं. वर्तमानपत्रात रस्तादुरुस्तीसाठी ते ठीक आहे, ऑफिसच्या प्रिंटरसाठी लिहू नये.

‘काइंडली रिव्हर्ट ॲट द अर्लिएस्ट’ मधलं ‘रिव्हर्ट’ही असंच. प्रमाण इंग्रजीत त्याचा अर्थ पूर्वीच्या स्थितीला परतणं, उत्तर देणं नव्हे. भारतीय इंग्रजीत ते उत्तर देण्यासाठी रुळलंय आणि भारतीय वाचकापुढे त्यावरून हुज्जत घालण्यात अर्थ नाही. परदेशी वाचक असेल तर ‘रिप्लाय’. सॉफ्टवेअरच्या टीममध्ये तर नक्कीच, कारण तिथे ‘प्लीज रिव्हर्ट’ वाचून कुणी तुमचा कोड मागच्या आवृत्तीवर नेऊन ठेवायचा.

कडक शब्द

‘इमिजिएटली’ हुकूम आहे. यंत्र बंद करा, गॅसचा नॉब फिरवा, पासवर्ड बदला, अशा ठिकाणी तो शोभतो, कारण तिथे मिनिटांना किंमत आहे. तोच शब्द टाइमशीट भरायला लावला की वाचणारा चिडतो आणि पुढच्या वेळी खऱ्या आणीबाणीतही मनावर घेत नाही. ‘राइट अवे’ हेच जरा मैत्रीने सांगतं, ब्रिटिश कानाला ‘स्ट्रेट अवे’ जास्त ओळखीचं. ‘ॲट वन्स’ मास्तरांच्या छडीसारखं वाजतं, मेलमध्ये टाळलेलं बरं.

‘प्रॉम्प्टली’ मला या सगळ्यांत उपयोगी वाटतो आणि आपल्याकडे तो कमी वापरला जातो. त्यात ओरडणं नाही. काहीतरी घडल्यावर विनाकारण न थांबता, असा त्याचा अर्थ. ‘प्लीज रिपोर्ट एनी डॅमेज प्रॉम्प्टली.’ नुकसान केव्हा होईल हे ठाऊक नसतं, म्हणून तारीख देता येत नाही, आणि इथे हा शब्द अगदी जागेवर बसतो. ‘विदाऊट डिले’ त्याच्याच जवळचा, पण किंचित ताकीद देणारा.

‘अर्जंटली’ आज्ञेपेक्षा गरजेशी जास्त जुळतं. ‘वुई अर्जंटली नीड द सर्टिफिकेट’ सहज वाटतं. ‘रिप्लाय अर्जंटली’ कळतं, पण कानाला खटकतं.

‘सून’ आणि ‘शॉर्टली’ स्वतः वचन देताना वापरायचे. ‘आय विल सेंड इट शॉर्टली’ बरोबर, ‘प्लीज सेंड इट शॉर्टली’ विचित्र. ‘इन ड्यू कोर्स’ म्हणजे आपलं ‘यथावकाश’. त्यात घाईचा लवलेश नाही, तरी काही याद्यांत ते घुसलेलं असतं. ‘प्रेझेंटली’ आणि ‘मोमेंटरिली’ या दोघांपासून लांब राहा. ‘प्रेझेंटली’ अमेरिकेत बहुधा ‘सध्या’ या अर्थी येतं, जुन्या ब्रिटिश वळणात ‘थोड्या वेळात’. ‘मोमेंटरिली’ अमेरिकेत ‘क्षणात होईल’, ब्रिटनमध्ये ‘क्षणभरापुरतं’. ‘फोर्थविथ’ वकिलांना ठेवू द्या.

राहिलं ‘एएसएपी’. ही अक्षरं १९५०च्या दशकात अमेरिकी लष्कराच्या बोलीतून पसरली आणि हुकमाचा वास अजून त्यांना चिकटून आहे. टीमच्या चॅटवर, बरोबरीच्या माणसाला चालतात. क्लायंटला, अर्जात, तक्रारीत नकोत. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या ‘जनरल ट्रेनिंग’ प्रकारात २० मिनिटांत किमान १५० शब्दांचं पत्र लिहायचं असतं. त्यातलं पत्र औपचारिक असेल तर ‘एएसएपी’मुळे भाषेची पातळी एकदम खाली येते. तिथे ‘आय वुड बी ग्रेटफुल फॉर अ रिप्लाय बाय’ आणि पुढे तारीख, एवढ्याने काम होतं.

कायद्याने काढलेली वाट

‘शक्य तितक्या लवकर’ लिहायचं आणि तरी मुदत सोडायची नाही, हा पेच कायदे लिहिणाऱ्यांना रोज पडतो, म्हणून त्यांच्याकडून एक साचा उचलण्यासारखा आहे. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याच्या कलम ७(१) मध्ये माहिती ‘ॲज एक्स्पिडिशसली ॲज पॉसिबल, अँड इन एनी केस विदिन थर्टी डेज’ द्यावी असं म्हटलंय, आणि माणसाच्या जिवाचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांत. पहिला अर्धा भाग हेतू सांगतो, दुसरा अर्धा भाग कुंपण घालतो.

कुंपण नसेल तर काय होतं, याचं उदाहरण राज्यघटनेतच आहे. अनुच्छेद २०० मध्ये राज्यपालांनी विधेयक ‘ॲज सून ॲज पॉसिबल’ परत पाठवावं असे शब्द आहेत, दिवस दिलेले नाहीत. ही विधेयकं किती काळ अडकून राहू शकतात, यावरून अलीकडच्या वर्षांत अनेक राज्यं सर्वोच्च न्यायालयात गेली. त्याच घटनेतला अनुच्छेद २२ पाहा. अटकेचं कारण ‘ॲज सून ॲज मे बी’ सांगावं असं त्यात म्हटलंय, पण दंडाधिकाऱ्यापुढे उभं करायला २४ तासांची हद्द आखून दिलीय. करारांचंही तेच. भारतीय करार अधिनियम, १८७२ चं कलम ४६ सांगतं की मुदत ठरवली नसेल तर वाजवी वेळेत काम करावं, आणि वाजवी किती हा त्या त्या प्रकरणातल्या वस्तुस्थितीचा प्रश्न. म्हणजे परचेस ऑर्डरवर ‘डिलिव्हरी एएसएपी’ लिहिणाऱ्याने वेळ ठरवण्याचा हक्क आपणहून सोडून दिलेला असतो. तिथे तारीखच हवी.

हा साचा मेलमध्ये सहज बसतो: ‘ॲज सून ॲज यू कॅन, अँड इन एनी केस बाय फाइव्ह पीएम ऑन फ्रायडे.’ जरा मऊ हवा असेल तर ‘आयडियली बाय वेन्सडे, अँड बाय फ्रायडे ॲट द लेटेस्ट.’ दुसरं वाक्य विशेष गुणी आहे, कारण समोरच्याला आपली पसंती आणि आपली सहनशक्ती दोन्ही कळतात. बुधवारी काम आलं नाही तर रागवायचं मात्र नाही, शुक्रवार तुम्हीच दिलाय.

निवडलेला शब्द तपासायचा कसा

कोशात फक्त अर्थ पाहून थांबू नका. शब्दापुढे तिरक्या अक्षरांत औपचारिक, अनौपचारिक, जुना, भारतीय इंग्रजी, कायदा असे शेरे असतात. निवड बहुतेकदा त्या शेऱ्यांवर ठरते. मग खालची उदाहरणं वाचा आणि एकच पाहा: शब्द आज्ञेच्या वाक्यात येतो, वचनाच्या की वर्णनाच्या? ‘शॉर्टली’सारखे शब्द इथेच पकडले जातात.

पूर्ण शब्दसमूह अवतरणचिन्हांत घालून शोधा. निकालांची संख्या सोडा, ती फसवी असते. पानं कुठली आहेत ते बघा. सगळी भारतीय टेंडरं आणि कार्यालयीन परिपत्रकं निघाली तर तो शब्द भारताबाहेर तसाच वाचला जाईलच असं नाही.

शेवटी वाक्यात बसवून मोठ्याने वाचा, आणि तेच वाक्य समोरच्याने तुम्हाला लिहिलंय असं समजा. ‘प्लीज’ असूनही दटावल्यासारखं वाटलं तर शब्द कडक आहे. ‘काइंडली’ची भर घालून तो मऊ होत नाही. ‘काइंडली डू इट इमिजिएटली’ यात उलट उपरोध ऐकू येतो. मऊपणा हवा असेल तर आज्ञेचा प्रश्न करा: ‘कुड यू सेंड इट बाय फोर?’

इंग्रजी ही वाचणाऱ्याचीही मातृभाषा नसेल, समजा जपानी किंवा जर्मन अभियंता आहे, तर ही सगळी सूक्ष्म निवड बाजूला ठेवा. ‘बाय’, दिवस, महिना, तास आणि कुणाच्या देशाची वेळ. बस.

तुम्हालाच ‘एएसएपी’ आलं तर

अंदाज बांधत बसू नका आणि ‘शुअर’ एवढंच लिहून मोकळेही होऊ नका. तारीख तुम्हीच सुचवा: ‘आय कॅन सेंड इट बाय नून टुमॉरो. वुड दॅट वर्क?’ उत्तर आलं नाही तरी तुमची वेळ नोंदली गेली. मेल रात्री वाचला जाण्याची शक्यता असेल तर ‘टुमॉरो’ऐवजी वाराचं नाव लिहा, नाहीतर वाचणाऱ्याचा ‘उद्या’ तुमचा परवा होतो.

स्मरणपत्रात हीच गोष्ट उलटी येते. ‘जेंटल रिमाइंडर’ हा आपल्या ऑफिसांचा लाडका शब्द, पण त्यात मागणी काहीच नाही. पहिल्या स्मरणपत्रात मूळ मेलची तारीख आणि नवी मुदत द्या: ‘आय रोट टू यू ऑन द थर्ड ऑफ जून. कुड यू रिप्लाय बाय द टेन्थ?’ दुसऱ्यात उशिरामुळे काय अडलंय ते एका वाक्यात लिहा, विशेषणं न वाढवता. तिसऱ्यांदा मेल लिहू नका, फोन करा आणि जे ठरलं ते त्याच मेलच्या साखळीत दोन ओळींत पाठवा, तारखेसकट.